भाकऱ्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. पहिल्या शनिवारी वाटलं, पाऊस असेल. दुसऱ्या शनिवारी वाटलं, घरी पाहुणे असतील. तिसऱ्या शनिवारी तिची अम्मी बाजारात माझ्या अम्मीला भेटली आणि म्हणाली, "वो बोलती मेरेकू कंप्युटर नै जमता. बोलती मेरी मराठीच कच्ची है." अम्मीनं घरी येऊन मला सांगितलं आणि वर विचारलं, "कंप्युटरला मराठी कशाला लागते गं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना माझी पंचाईत झाली. कंप्युटरला मराठी लागत नाही. ती मी लावली होती.

मिरजेत आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवारी दुपारी मी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. सहा जुने संगणक आहेत, अकरा-बारा मुलं येतात. काही उर्दू माध्यमाची, काही मराठी. उर्दू शाळेच्या सवयीनं सगळी मला आपा म्हणतात. आठवडाभर मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करते, तेही प्रोग्रॅमिंगचंच.

मुलांना मी पायथन शिकवते. पायथन घ्यायचं कारण त्याचं शेल. शेल म्हणजे काय, ते न वापरलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. पडद्यावर तीन बाणांची खूण येते, >>> अशी. तिच्यापुढे एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. संगणक ती ओळ वाचतो, तिचा हिशोब करतो, उत्तर छापतो आणि पुन्हा तीन बाण दाखवून वाट बघत बसतो. वाचणं, हिशोब, छापणं, परत फिरणं. ही चाल लिस्प नावाच्या भाषेतून आली आणि आता जवळजवळ प्रत्येक भाषेला असं काहीतरी असतं. पूर्ण प्रोग्रॅम लिहून मग तो चालवायचा, यापेक्षा लहान मुलांना हे फार आवडतं, कारण लगेच जबाब मिळतो.

अडचण जबाबाच्या भाषेची होती. एखादा कंस राहिला की पायथन इंग्रजीत दोन-तीन ओळी ओरडतं आणि आठवीतली मुलं हात मागे घेतात. म्हणून मी पायथनच्याच "कोड" नावाच्या मॉड्यूलवर एक छोटं शेल बांधलं. हे मॉड्यूल कामाचं आहे. त्यात इंटरॅक्टिव्ह कन्सोल नावाचा तयार क्लास मिळतो. तो घ्यायचा आणि त्यातले हवे ते भाग बदलायचे. मी चुका दाखवणारा भाग बदलला. इंग्रजी संदेश पकडायचा, त्याजागी मराठी वाक्य द्यायचं. मुलांनी त्याचं नाव ठेवलं पाटी. लिहा, पुसा, परत लिहा. पायथन ३ मध्ये देवनागरीत नावं देता येतात हा आणखी एक फायदा. वय, बेरीज, धावा अशी नावं मुलं सरळ मराठीत लिहू लागली. दोन रविवारांत पाटी तयार झाली आणि मी स्वतःवर फारच खूश होते.

तर ही मुलगी. नववीत आहे. तिची अम्मी घरी ऑर्डरीच्या भाकऱ्या करते. ज्वारीच्या, काही बाजरीच्या. दोन खानावळींना आणि चार-पाच घरांना रोज जातात. हिशोब एका कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिलेला असतो आणि महिन्याच्या शेवटी त्यावरून कुरबुर होते. मुलीनं ठरवलं की हा हिशोब आपण पाटीवर करायचा. मी खूश. अशाच कामासाठी तर शिकवते. तिनं पहिली ओळ लिहिली, भाकऱ्या बरोबर चाळीस. म्हणजे भाकऱ्या या नावाच्या खोक्यात चाळीस हा आकडा ठेव.

पाटी म्हणाली, "नाव शुद्ध लिहिलेलं नाही. पुन्हा नीट लिहा."

तिनं पुन्हा लिहिलं. पाटीनं पुन्हा तेच सांगितलं. तिनं मला हाक मारली. मी दुसऱ्या टोकाला एकाच्या संगणकाची वायर खोचत होते. तिथूनच म्हणाले, "नीट बघ, टायपिंगमध्ये काहीतरी राहिलं असेल." थोड्या वेळानं तिच्यामागून जाताना पडद्याकडे नजर टाकली. भाकऱ्या लिहिलेलं होतं, नीट दिसत होतं. मला वाटलं आताच सुधारलंय. मी पुढे गेले. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "भाकरी लिही ना, चालेल तेवढं." भाकरी लिहिल्यावर खरोखरच चाललं. माझ्या लेखी विषय संपला. तिच्या लेखी मात्र पाटीनं आणि आपानं मिळून सांगितलं होतं की भाकऱ्या हा शब्द तुला लिहिता येत नाही.

इथे मला आमच्या शाळेतले एक सर आठवतात. माझ्या निबंधात एक शब्द घरच्या बोलीतला आला होता. सरांनी तो मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "तुमच्यात असंच बोलतात का?" वर्ग हसला. सर वाईट नव्हते, मराठी फार चांगली शिकवायचे, त्यांच्यामुळेच मी आज हे लिहिते आहे. पण "शुद्ध" हा शब्द त्या दिवसापासून माझ्या कानाला टोचतो. आणि तोच शब्द मी पाटीच्या तोंडी घातला होता, विचारही न करता, कारण इंग्रजीतल्या "इनव्हॅलिड"ला त्या रात्री मला तोच पटकन सुचला.

बाजारातली गोष्ट कळल्यावर त्याच संध्याकाळी मी वाचनालयाची किल्ली घेतली आणि तिच्या जागेवर जाऊन बसले. कोपऱ्यातला संगणक. भाकऱ्या लिहिलं. "नाव शुद्ध लिहिलेलं नाही." शेजारच्या संगणकावर लिहिलं. चाललं. दोन्ही पडद्यांवर शब्द एकसारखा, काना-मात्रेचाही फरक नाही.

मग तोच शब्द अवतरण चिन्हांत घालून त्याची लांबी विचारली. शेजारचा संगणक म्हणाला ७. कोपऱ्यातला म्हणाला ८.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण हा घोटाळा मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या घरात आहे. भाकऱ्या, दुसऱ्या, वाऱ्या, तऱ्हा यांतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, त्यावर हलन्त, मग य. दुसरा प्रकार जुना. साधा र, हलन्त, आणि त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य अक्षर, मग य. या अदृश्य अक्षराला रुंदीच नसते. ते फक्त शेजाऱ्यांना सांगतं की कसं जुळायचं. युनिकोडनं जुनी पद्धत मागच्यांची सोय म्हणून चालू ठेवली आहे, म्हणजे दोन्ही बरोबर. कुठला प्रकार उमटेल ते तुमच्या कळफलकाच्या मांडणीवर अवलंबून. कोपऱ्यातल्या संगणकावर कोणीतरी कधीकाळी जुनी मांडणी बसवली होती. पायथनच्या नियमाप्रमाणे नावांत अक्षरं, मात्रा, हलन्त, आकडे चालतात. अदृश्य जोडाक्षरी खूण चालत नाही. अवतरणात असेल तर मात्र तिला काही हरकत नसते. कारण अवतरणातला मजकूर पायथन आहे तसा ठेवतं.

म्हणजे मुलीनं बरोबर लिहिलं होतं. संगणकानं जुन्या पण बरोबर पद्धतीनं उमटवलं होतं. पायथननं आपल्या नियमाप्रमाणे नकार दिला होता. आणि या तिघांच्या मधे माझं वाक्य बसलं होतं.

त्याच रात्री दुरुस्ती करता आली असती. ओळ वाचल्याबरोबर र, हलन्त, अदृश्य खूण हे तिन्ही लागोपाठ दिसले की त्याजागी ऱ आणि हलन्त घालायचे. एका ओळीचं काम. पण मी ते केलं नाही, कारण तोवर मला आणखी एका गोष्टीची लाज वाटायला लागली होती. पाटीला एकही चाचणी नव्हती.

मी नोकरीत रोज युनिट टेस्ट लिहिते. नवीन आलेल्या पोरांना त्यावर भाषण देते. प्रोग्रॅमचा एक लहान तुकडा घ्या, त्याला ठरलेला इनपुट द्या, बाहेर काय यायला हवं ते आधी लिहून ठेवा आणि संगणकाला दर वेळी ते तपासू द्या. पायथनमध्ये यासाठी "युनिटटेस्ट" आहे. त्याचा वंश जावाच्या जेयुनिटमधून केंट बेकच्या स्मॉलटॉकसाठीच्या एसयुनिटपर्यंत जातो. हे सगळं मला तोंडपाठ. मग पाटीला का नाही? वेळ नव्हता हे एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे. शेल हा प्रकारच असा असतो की तो रोज वापरला की तपासल्यासारखा वाटतो. तुम्ही लिहिता, तो जबाब देतो, जबाब बरोबर असतो. हात आपोआप तेच लिहितात जे चालतं हे माहीत असतं. मी दोन महिने पाटी "तपासत" होते, पण माझ्या संगणकावर, माझ्या कळफलकावर, माझ्या सवयीच्या शब्दांनी.

आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना लहानपणी पाहिलंय. घोडीचा पृष्ठभाग किंचित घासायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. एक तार गायला लागली म्हणून कारागीर तंबोरा बाजूला ठेवत नाही. चारही तारा एकेक करून बघतो, प्रत्येकीखालचा दोरा वेगळा सरकवतो. मी एका तारेवर थांबले होते.

पण शेलची चाचणी लिहायला बसलं की पहिली अडचण लगेच येते. चाचणीला फंक्शन लागतं, ज्याला काहीतरी द्यायचं आणि ज्याच्याकडून काहीतरी परत घ्यायचं. शेलला माणूस लागतो. ते वाट बघत बसतं. चाचणीत माणूस कुठून आणणार? उपाय हाच की शेलचे सांधे मोकळे करायचे. वाचणारा भाग वेगळा, हिशोब करणारा वेगळा, छापणारा वेगळा. फेरी घालणारा सर्वांत शेवटी.

हिशोबाचा भाग सोपा निघाला. "कोड" मॉड्यूलमध्ये रनसोर्स नावाचं काम आहे. त्याला ओळ दिली की ते खरं किंवा खोटं परत देतं. खरं म्हणजे ओळ अपुरी आहे, आणखी हवं. फॉरची पहिली ओळ दिली की खरं यायला हवं. पूर्ण ओळ दिली की खोटं. इथे एक खोच आहे आणि मी त्यात पडले. ओळ चुकली असेल तरीही खोटंच येतं, कारण त्याच्या दृष्टीनं प्रश्न फक्त "आणखी ओळ हवी का" एवढाच असतो. माझ्या पहिल्या आठ चाचण्या हिरव्या झाल्या आणि मी चहा ठेवायला उठले. परत येऊन पाहते तर त्यातल्या दोन चाचण्यांत मी स्वतःच कंस विसरले होते. पाटीनं चूक दाखवली होती, चाचणी मात्र "पास" म्हणत होती. तेव्हापासून नियम केला की परत आलेलं मूल्य आणि पडद्यावर गेलेला मजकूर, दोन्ही तपासायचे.

मजकूर पकडणं अवघड नाही. उत्तरं एका वाटेनं बाहेर पडतात, चुकांचे संदेश दुसऱ्या. दोन्ही वाटांवर भांडी लावून ठेवायची. शेलमध्ये "काहीच नाही" हे उत्तर छापत नाहीत हेही तपासावं लागतं. नाहीतर प्रत्येक ओळीनंतर नन असा शब्द उमटतो आणि मुलं विचारतात हा कोण.

वाचण्याच्या भागासाठी मी एक खोटं मूल बनवलं. ओळींची यादी घेऊन बसलेलं. पाटीनं मागितलं की एक ओळ द्यायचं. पहिल्या रात्री यादी संपल्यावर ते रिकामी ओळ देत राहिलं आणि पाटी ती वाचत राहिली, रिकाम्या ओळीला शेल काही बोलत नाही, फक्त पुन्हा बाण दाखवतं. दोघं एकमेकांकडे बघत बसली होती. दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की चाचणी अडकली आहे. खरं मूल घरी जाताना कंट्रोल-डी दाबतं, तसं खोट्या मुलानंही यादीच्या शेवटी "इनपुट संपला" हा अपवाद फेकायला हवा. ते केल्यावर फेरी नीट संपू लागली.

सर्वांत जास्त त्रास अंडरस्कोरनं दिला. शेलमध्ये शेवटचं उत्तर अंडरस्कोर या नावात आपोआप ठेवलं जातं. मुलांना ते फार आवडतं, मागच्या उत्तराला दोननं गुण असं लिहिता येतं. पण हे नाव पाटीच्या आत राहत नाही. ते पायथनच्या सर्वांना सामाईक असलेल्या कप्प्यात जातं. एका चाचणीनं तिथे उत्तर ठेवलं की पुढच्या चाचणीला ते दिसतं. माझी एक चाचणी आधीच्या चाचणीनं ठेवलेल्या उत्तरावर जगत होती आणि मला पत्ताच नव्हता. युनिटटेस्ट चाचण्या नावांच्या अक्षरक्रमानं चालवतं. मी एका चाचणीचं नाव बदललं, क्रम बदलला आणि भलतीच चाचणी पडली. दोन तास गेले. आता प्रत्येक चाचणीआधी तो कप्पा पुसला जातो.

बाहेर पडण्याची आज्ञाही अशीच. मुलं एक्झिट लिहून कंस लावतात. पायथनमधली ती आज्ञा निघताना इनपुटचं दारच बंद करून जाते. रोजच्या वापरात चालतं, कारण घरच रिकामं होतं. चाचण्यांत मात्र घरात मागे इतर पाहुणे असतात. ज्या चाचणीला खरा इनपुट लागत होता ती "बंद फाइल" म्हणत पडली. आता त्या चाचणीत खऱ्या दाराऐवजी पुठ्ठ्याचं दार लावते.

बाणांच्या कळा, मागची ओळ वर आणणं, हे खऱ्या टर्मिनलशिवाय तपासता येत नाही. त्यासाठी खोटं टर्मिनल उभं करून एकच चाचणी लिहिली आणि सोडून दिलं. तेवढं पुरे.

हे सगळं होत असताना मी त्या मुलीच्या घरी गेले. आधी जायला हवं होतं. पण मोकळ्या हातानं जाववेना. तिची अम्मी परातीत पीठ मळत होती. मुलगी आतल्या खोलीतून आलीच नाही. मी दारातूनच सांगितलं की पाटी चुकली होती, तू बरोबर लिहिलं होतंस. आतून काही उत्तर नाही. तिची अम्मी म्हणाली, "वही दिखा आपाकू." वही बाहेर आली.

वहीत तक्ता होता. पहिल्या रकान्यात शब्द: भाकऱ्या, दोऱ्या, कैऱ्या, भाकरी, चपात्या. दुसऱ्यात कुठे लिहिला: अवतरणात, बाहेर. तिसऱ्यात चाललं की नाही. अवतरणात सगळे चालले होते. बाहेर भाकऱ्या, दोऱ्या, कैऱ्या नाहीत, भाकरी आणि चपात्या चालल्या. तिनं नेमका तो र शोधून काढला होता, फक्त त्याला नाव देता आलं नव्हतं. खाली आणखी एक ओळ होती: पहिल्या कॉम्प्युटरवर भाकऱ्या चाललं, पण ते तिच्या मैत्रिणीनं लिहिलं होतं.

ही शेवटची ओळ वाचून मी गप्प झाले. संगणकही बदलला होता आणि लिहिणारीही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं. दोन्ही बदलल्यावर तिनं दोष स्वतःकडे घेतला. संगणकाकडे दोष जाऊ शकतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर उलटच सांगितलं होतं.

मी वहीचा फोटो काढायची परवानगी मागितली. ती पहिल्यांदाच बोलली, "कायकू?" मी म्हणाले, या तुझ्या चाचण्या आहेत, मी पाटीत घालणार आहे.

पाटीच्या चाचण्यांतल्या पहिल्या दहा तिच्या वहीतल्या आहेत. पाच शब्द, अवतरणात आणि बाहेर. चाचणीच्या नावाची सुरुवात टेस्ट अशी इंग्रजीत करावी लागते, पुढे देवनागरी चालतं. पहिल्या चाचणीचं नाव टेस्ट अंडरस्कोर भाकऱ्या. चाचणीच्या आत मात्र तो शब्द मी अक्षरांनी लिहिला नाही, क्रमांकांनी लिहिला: ०९३०, ०९४डी, २००डी असा. अक्षरांनी लिहिला असता तर माझ्या कळफलकानं नवीन पद्धतीचाच ऱ उमटवला असता आणि चाचणी आयुष्यभर हिरवी राहिली असती, काहीही न तपासता.

आधी चाचणी लाल झालेली पाहिली, मगच ती एका ओळीची दुरुस्ती केली. दुरुस्तीत एक प्रश्न उरला होता. अवतरणाच्या आतही र बदलायचा का? नियमानं माणसानं लिहिलेल्या मजकुराला हात लावू नये. पण मग दोन संगणकांवर लिहिलेली भाकऱ्या आणि भाकऱ्या समान आहेत का असं विचारलं तर पाटी नाही म्हणेल. एखाद्या मुलाला ते कसं समजावणार? मी आतही बदलते. ऑफिसमधल्या एका मित्राला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. पण त्यानं ती वही पाहिलेली नाही.

तो दुसऱ्या एका चाचणीवरही हसला. ती चाचणी पाटीचे सगळे संदेश एकेक करून वाचते आणि त्यांत शुद्ध किंवा अशुद्ध हे शब्द सापडले तर लाल होते. तो म्हणाला, ही युनिट टेस्ट नाही, हा तुझा राग आहे. असेल. ठेवली आहे. आता अशा जागी पाटी म्हणते, "या ओळीतलं सहावं अक्षर मला वाचता आलं नाही." कितवं अक्षर ते पायथन सांगतंच, मी ते आधी फेकून देत होते.

मुलांच्या मराठी टिपणांचंही काम या निमित्तानं झालं. पायथनमध्ये डॉकटेस्ट नावाची एक गंमत आहे, टिम पीटर्सनं लिहिलेली, २००१ सालापासून पायथनबरोबर येते. मजकुरात जिथे तीन बाण दिसतील तिथली ओळ ती चालवते आणि खाली छापलेल्या उत्तराशी ताडून बघते. मी सगळी टिपणं तिच्यासमोर ठेवली. तीन ठिकाणी मी छापलेलं उत्तरच चुकीचं होतं. मुलं ती टिपणं दोन महिने वाचत होती. कोणी काही बोललं नाही. का बोललं नाही, तेही आता मला कळतं. डॉकटेस्ट साधं पायथन चालवते, पाटी नाही, त्यामुळे मराठी संदेश त्यात तपासले जात नाहीत. पण उत्तरं तरी ताळ्यावर आली.

ती मुलगी ऑगस्टच्या शेवटी परत आली. कोपऱ्यातल्याच संगणकावर बसली. मी कळफलकाची मांडणी मुद्दामच बदलली नव्हती. तिनं भाकऱ्या लिहिलं, बरोबरचं चिन्ह काढलं. आणि मग चाळीस हा आकडा देवनागरीत लिहिला, ४०. अम्मीच्या कॅलेंडरवर असतो तसा.

पाटी म्हणाली, "या ओळीतलं दहावं अक्षर मला वाचता आलं नाही."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आपा, पाटी चुकी क्या मैं?"

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. देवनागरी आकडा पायथनला नावाच्या आत चालतो, भाकऱ्या_२ असं नाव देता येतं. अवतरणातला ४० त्याच्याकडून आकड्यात बदलूनही घेता येतो. पण उघडा लिहिलेला ४० तो आकडा मानत नाही. सगळीकडे बदलून टाकावं तर अवतरणातला घर क्रमांकही इंग्रजी होऊन छापला जाईल. हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं वही काढली, नवीन पान उघडलं आणि रकाने आखले.

त्या पानावरची चाचणी क्रमांक ३८ अजून लाल आहे. युनिटटेस्टमध्ये "ही पडणार हे माहीत आहे" अशी खूण लावायची सोय असते, ती लावून ठेवली आहे. दर शनिवारी ती आल्या आल्या विचारते, "अडतीस का क्या हुआ आपा?" हिशोब तोपर्यंत इंग्रजी आकड्यांनी चालू आहे. खानावळवाल्याकडे मागच्या महिन्याचे एकशे वीस रुपये निघाले, ते त्यानं दिले.